ल्युसीची फिल्म आणि तुझं अकरावं कलम

पुणे, रविवार सकाळ

अनेक आशीर्वाद.

तुझ्या विनोदी मालिकेचे सहाही भाग वाचले. तिच्या कराराचे फोटोही पाहिले, दोन वाकडे आणि एकात तुझा अंगठा. फोनवर म्हणालीस, "सर, हक्कबिक्क सगळं देऊन टाकते, आत्ता आत शिरायला मिळालं की बास." तेव्हा मी गप्प बसलो, कारण उत्तर लांबलचक होतं. बोलायला लागलो की मी "आमच्या वेळी"वर घसरतो, म्हणून आमच्या वेळच्याही आधीची, पार अमेरिकेतली गोष्ट लिहून पाठवतोय.

"आय लव्ह ल्युसी" ही टीव्हीवरची जुनी विनोदी मालिका तू अख्खी पाहिली नसशील, पण तुकडे मोबाइलवर नक्की आले असतील. डोळे विस्फारलेली बाई आणि तिच्यासमोर चॉकलेटांचा सरकता पट्टा. मी ती सलग पाहिली ती न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो तेव्हा. बाहेर बर्फ, घरात चिटपाखरू नाही. इतकं जुनं आहे, हसून हसून किती हसणार, असं म्हणत टीव्हीसमोर बसलो. संध्याकाळी सून आली तेव्हा मी त्याच खुर्चीत होतो आणि चहावर साय धरली होती.

आता मुद्द्याचं. ल्युसीचं काम करणारी ल्युसिल बॉल आधी सीबीएस या अमेरिकन नेटवर्कच्या रेडिओवर "माय फेव्हरिट हजबंड" ही मालिका करायची. 1950 च्या सुमारास सीबीएसला तेच टीव्हीवर हवं होतं, रेडिओवरच्याच नवऱ्याला घेऊन. ती म्हणाली, नवरा माझा खराच हवा. खरा नवरा म्हणजे डेसी अर्नाझ. क्यूबाचा, बँड चालवणारा, इंग्रजीला दणदणीत स्पॅनिश हेल. लग्न 1940 चं, पण तो कायम दौऱ्यावर आणि ही हॉलिवूडमध्ये, त्यामुळे दहा वर्षांचा संसार निम्मा फोनवरच झालेला. सीबीएसचं म्हणणं, अमेरिकन बाईचा असला नवरा लोकांना पटणार नाही. मग दोघांनी 1950 मध्ये एक रंगमंचीय कार्यक्रम बसवला आणि गावोगावी करून दाखवला. लोक हसले. सीबीएस गप्प झालं.

लगेच दुसरा पेच. पुरस्कर्ती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. त्यांना कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता, कारण बहुतेक टीव्हीसंच आणि गिऱ्हाइकं पूर्वेकडे. लॉस एंजेलिसहून केला तर पूर्वेकडच्यांना किनेस्कोप बघावा लागला असता, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून घेतलेली, मातकट दिसणारी नक्कल. आणि या दोघांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. घर तिथे, आणि एकदाचं एका छपराखाली राहायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप!

तेव्हा डेसी म्हणाला, आम्ही 35 मिलिमीटर फिल्मवर करतो, पूर्व-पश्चिम सगळीकडे सारखंच चकचकीत दिसेल. खर्च वाढत होता. त्या दोघांनी आठवड्याला हजार डॉलर पगार कमी घ्यावा असं ठरलं. तो म्हणाला, चालेल, पण त्या बदल्यात फिल्मची मालकी आमच्या कंपनीची, डेसिलूची. समोरच्यांनी होकार दिला, कारण एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला तेव्हा कोण विचारत होतं? आपल्याकडे उतरलेल्या निर्माल्याला जेवढी किंमत, तेवढीच.

15 ऑक्टोबर 1951, सोमवार, रात्री 9 वाजता पहिला भाग लागला.

पुढचं मी जरा चवीनं सांगणार, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. ल्युसी प्रेक्षकांसमोरच खुलते हे डेसीला ठाऊक होतं, म्हणून स्टुडिओत साधारण तीनशे माणसांची गॅलरी बांधली. नाटकासारखं सलग करायचं, पण फिल्मवर, आणि एकाच वेळी तीन कॅमेरे. आता प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळे दिवे लावत बसलं तर प्रेक्षक घरी जातील. मग कार्ल फ्रॉइंडला बोलावलं. जर्मनीत मूकपटांच्या काळात "मेट्रोपोलिस"चं छायाचित्रण केलेला हा बुजुर्ग. त्यानं बहुतेक दिवे वर टांगले, उजेड सगळीकडे सारखा पसरवला आणि सेट करड्या रंगाच्या छटांत रंगवून घेतला. दिवे न हलवता तिन्ही कॅमेरे फिरायला मोकळे! मी पॅनलवर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या बटणांसमोर, बसून आयुष्यभर "दोन... कट टू तीन" असं ओरडलो. त्यांच्याकडे तसं नव्हतं. तिन्ही फिल्म अखंड चालायच्या आणि नंतर एका अजस्र यंत्रावर शेजारी शेजारी लावून कापायच्या. त्या यंत्राला ते लोक तीन डोक्यांचा राक्षस म्हणत. प्रेक्षकांसमोरच्या कौटुंबिक विनोदी मालिकांची घडी त्या वर्षी बसली. पुढे कित्येकांनी तीच गिरवली.

आता तुझ्या लेखनाबद्दल. तू तीन ठिकाणी कंसात "खळखळून हशा" लिहिलं आहेस. ते आधी खोड. तुझी माणसं चुरचुरीत बोलतात, पण त्यांना काही हवंच नसतं. ल्युसीला काय हवंय ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. नवऱ्याच्या क्लबात तिला स्टेजवर जायचंय, आणि तो म्हणतो, तू घर सांभाळ. हे मला आज खटकतं, तुलाही खटकेल. पण तिची खटपट बंद होत नाही, आणि सगळा विनोद त्या खटपटीचा आहे.

तो चॉकलेटचा भाग, सप्टेंबर 1952 चा, एकदा आवाज बंद करून बघ. नवरे घरकाम करायला थांबलेत, बायका कारखान्यात. मुकादमीण बजावते, एक जरी चॉकलेट कागदाशिवाय पुढे गेलं तर हाकलून देईन. पट्टा सुरू होतो, हळू. दोघी छान गुंडाळतायत, जरा गर्वानंच. मग वेग वाढतो. एक तोंडात, दोन टोपीत, चार झग्याच्या गळ्यातून आत. मुकादमीण येते, रिकामा पट्टा बघते, खूश होते आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगते. कळलं? काम चुकलं म्हणून शिक्षा झाली नाही, काम उत्तम लपवलं म्हणून झाली. तिकडे घरी नवऱ्यांचा भात भांड्यातून उतू जाऊन फरशीवर पसरतोय. यातलं एकही वाक्य टाळीचं नाही.

दुसऱ्या हंगामात ल्युसिलला दिवस गेले. सगळ्यांना वाटलं, मालिका आटोपली. यांनी ते दिवसच कथेत घेतले. नेटवर्कला "गर्भार" या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द चालत नव्हता, म्हणून आडवळणानं बोलायचं, आपल्या आज्या "गोड बातमी" म्हणत तसं. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रोटेस्टंट आणि एक राबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू वाचून पाहायचे. 19 जानेवारी 1953 ला पडद्यावर ल्युसीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी, आधी ठरवलेल्या सिझेरियननं, ल्युसिललाही. तो भाग सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांचा शपथविधी होता, त्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. ती विश्रांती घेत होती तेव्हा जुने भाग पुन्हा लावले, आणि लोकांनी तेही आवडीनं पाहिले. निर्माल्याला भाव आला तो तिथे.

180 भाग झाले, मे 1957 पर्यंत. ते भाग डेसिलूनं पुढे सीबीएसलाच विकले, लाखो डॉलरांना, आणि 1957 मध्ये आरकेओ हा चित्रपटांचा स्टुडिओ घेतला. 1940 मध्ये दोघांची पहिली भेट झाली ती याच आरकेओच्या एका चित्रपटाच्या वेळी, पगारी नट म्हणून! 1962 मध्ये तिनं डेसीचा वाटा विकत घेतला आणि स्टुडिओ स्वतः चालवला. "स्टार ट्रेक" ही अंतराळातली गाजलेली मालिका तिथलीच. आणि ज्या संसारासाठी न्यूयॉर्कला नाही म्हटलं, तो? मार्च 1960 मध्ये दोघांचं एकत्र शेवटचं चित्रीकरण झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं घटस्फोटाचा अर्ज दिला. फिल्म राहिली, संसार नाही. मी यातून काही काढू पाहत नाही. झालं ते असं झालं.

आता माझं, एकदाच. तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी एक तेरा भागांची विनोदी मालिका लिहिली आणि दिग्दर्शित केली. कुणासाठी ते नाव सांगत नाही. करार वाचला नाही, सही केली. काही वर्षांनी एक भाग बघायला मागितला, तर कळलं की कॅसेटी पुसून त्यांवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलंय. कॅसेट महाग, कपाटं भरलेली, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मालकी माझी असती तर निदान एक प्रत तरी मागता आली असती.

तुझ्या करारातलं अकरावं कलम बघ. सर्व हक्क, जगभर, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सगळ्या माध्यमांत. हे इतकं तपशिलात का लिहितात माहितेय? आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि 2012 च्या दुरुस्तीपासून, जे माध्यम अजून निघालेलंच नाही त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाहीत. म्हणून प्रत्येक शब्द भरलाय. तू सगळं माग असं मी म्हणत नाही, तू काही ल्युसिल बॉल नाहीस, अजून. मुदत मागून बघ. नाटकाचे आणि पुस्तकाचे हक्क बाजूला काढून घे, त्यांना त्यांचा उपयोग नाही. संहितेची नोंदणी आधी कर. मानधन थोडं कमी करतो म्हणाले तर लगेच नाही म्हणू नकोस, बदल्यात काय मिळतंय ते विचार. आणि सही करण्याआधी कागद वकिलाला दाखव, मी वकील नाही.

शनिवारी चारनंतर ये. चौथा भाग पुन्हा लिहून आण, त्या सासूला काहीतरी हवं असू दे, भले फ्रिजचा वरचा कप्पा का असेना. आमच्या मावशीनं तेव्हा घरच्या व्हीसीआरवर माझा एक भाग टिपला होता, तो पेनड्राइव्हवर उतरवून घेतलाय. तोही बघू. सतरा मिनिटांचा आहे. पुढे क्रिकेट आहे.

तुझा,
पॅनलवाला सर