पुण्यात दिव्यांगांसह सगळ्यांची दौड घ्यायची तर नेमकी तयारी काय लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये तुमचा साठ-सत्तर जणांचा पळणाऱ्यांचा गट आहे, जुलै हा 'डिसॅबिलिटी प्राइड मंथ', म्हणजे दिव्यांगांच्या अभिमानाचा महिना, म्हणून दिव्यांगांसाठी 5 किलोमीटरची दौड घ्यायची आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

सुरुवात तुमच्या वाक्यातले दोन शब्द बदलण्यापासून करा. 'दिव्यांगांसाठी' काढून 'सगळ्यांची' घाला. वेगळी दौड, वेगळी वेळ, वेगळे टी-शर्ट असं झालं की तो अभिमानाचा नाही, कौतुकसोहळ्याचा कार्यक्रम होतो. दुसरा शब्द 'जुलै'. जुलैचा संदर्भ अमेरिकेतला आहे: दिव्यांगांच्या हक्कांचा तिथला कायदा 26 जुलै 1990 रोजी झाला. पुण्यातला जुलै म्हणजे ओले पेव्हर ब्लॉक. कुबडी घसरते, व्हीलचेअरच्या चाकावरची हाताची कडी ओली होऊन पकड सुटते, श्रवणयंत्रात पाणी जातं. त्यातच पालख्या जुलैत आल्या तर त्यांच्या बंदोबस्तात पोलीस अडकलेले असतात. म्हणून जुलैत सराव आणि मोजमाप सुरू करा, दौड डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ठेवा. 3 डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी 1992 पासून पाळायला घेतलेला आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन. चार महिने जास्त वाटतील, पण अंध धावकांबरोबर पळणारे सोबती तयार व्हायला तेवढे लागतातच.

नियोजनाच्या पहिल्या बैठकीला किमान तीन दिव्यांग माणसं हवीत: एक व्हीलचेअर वापरणारी, एक अंध, एक कर्णबधिर. सल्ला विचारायला नव्हे, निर्णय घ्यायला. पुण्यात माणसं शोधत फिरावं लागत नाही. खडकीचं मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र, कोरेगाव पार्कची अंधशाळा, सगळं शहरातच आहे. आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकरही पुण्यातच स्थायिक.

मार्ग. सलग 5 किलोमीटरचा रस्ता घेऊ नका. सव्वा किलोमीटरची एक फेरी आणि तिच्या चार फेऱ्या हे सर्वात सोयीचं. कुणी एका फेरीत थांबेल, कुणी दोन करेल, कुणी चारही करेल. कुणालाच अर्ध्यावर सोडल्यासारखं वाटत नाही. पाण्याचं एक ठिकाण आणि डॉक्टरांचं एक ठिकाण पुरतं. बौद्धिक दिव्यांग धावकांना दुसऱ्या फेरीपर्यंत रस्ता पाठ होतो. तोटा एकच: मागून येणारे पुढच्यांना ओलांडत राहतात, म्हणून रस्ता किमान 5-6 मीटर रुंद हवा. बालेवाडीचं क्रीडा संकुल किंवा एखाद्या मोठ्या कॉलेजचा आवार मिळाला तर उत्तम. सार्वजनिक रस्ता घेतलात तर स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय अशा तिन्ही ठिकाणी अर्ज, आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. जागा मेट्रो स्थानकाच्या जवळ असावी, कारण व्हीलचेअर रिक्षात घालणं किती वैतागाचं असतं ते ज्याचं त्याला माहीत. रविवारची पहिली मेट्रो किती वाजता सुटते ते पाहून मगच दौडीची वेळ ठरवा. तसंही डिसेंबरात सातच्या आधी पुरेसं उजाडत नाही आणि अंधूक उजेडात अल्पदृष्टी असलेल्यांना नीट दिसत नाही.

मार्ग तपासायला गाडीवरून जाऊ नका. व्हीलचेअर ढकलत आणि मोजपट्टी घेऊन चाला. पाहायच्या गोष्टी: चेंबरच्या झाकणाची उंची, जाळीच्या फटी (व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं नेमकी तिथे अडकतात), स्पीडब्रेकर, आणि रस्त्याचा आडवा उतार. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. कडेने जाणारी व्हीलचेअर सतत त्या बाजूला ओढली जाते, एकाच खांद्यावर ताण येतो आणि दुसऱ्या फेरीत माणूस थकतो. कृत्रिम पायाने पळणाऱ्याचंही तसंच, एक पाय आखूड असल्यासारखा पडतो. म्हणून 'व्हीलचेअर कडेने' ही प्रेमळ सूचना चुकीची आहे; रस्त्याचा मधला सपाट पट्टा त्यांना द्या. जाळ्यांवर 12 मिलिमीटरचं प्लायवुड टाकून कडा चिकटपट्टीने बसवा. रॅम्पचं प्रमाण 1:12, म्हणजे 15 सेंटीमीटरच्या फुटपाथला 180 सेंटीमीटर लांबीचा उतार. मंडपवाले 'करतो की रॅम्प' म्हणून दोन फुटांची फळी टेकवतात. तिच्यावरून चढताना खुर्ची मागे उलटते. माप लिहून द्या.

फिरती शौचालयं बहुतेक तीन-चार पायऱ्यांवर असतात, म्हणजे व्हीलचेअरवाल्यांच्या दृष्टीने नाहीतच. जमिनीलगत, 90 सेंटीमीटर रुंद दाराचं आणि आत खुर्ची वळण्याइतकी, म्हणजे दीड मीटर व्यासाची, मोकळी जागा असलेलं शौचालय नसेल तर ती जागा बाद. यात तडजोड नाही. शौचालय नाही म्हणून माणसं आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि दौडीत चक्कर येऊन पडतात.

आता अंध धावक आणि सोबती. दोघांना जोडणारी दोरी अजिबात ताणली जाणारी नको. इलॅस्टिक उशिरा खेचते आणि वळण चुकतं. पायजम्याची सुती नाडी उत्तम: साधारण 80 सेंटीमीटर घ्या, दोन्ही टोकांना हात मावेल असे फास करा, मधलं अंतर 30 सेंटीमीटरपर्यंत ठेवा. फास मनगटात घट्ट अडकवायचा नाही, बोटांत धरायचा. एक पडला तर दुसऱ्याला सोडता आलं पाहिजे. सोबत्याचा वेग धावकापेक्षा बराच जास्त हवा. धावक 5 किलोमीटर 35 मिनिटांत पळत असेल, तर सोबती एकटा 28 मिनिटांत पळणारा असावा, कारण त्याला पूर्ण वेळ बोलायचंही असतं. हात आणि पाय एकाच लयीत चालले पाहिजेत: धावकाचा उजवा हात पुढे जाताना नाडीच्या दुसऱ्या टोकाचा सोबत्याचा डावा हातही पुढे.

शब्द आधी ठरवून घ्या आणि तेच वापरा. 'सांभाळून!' या शब्दाने काहीच कळत नाही. 'डावं वळण, तीन, दोन, एक', 'स्पीडब्रेकर, तीन, दोन, चढ', 'अरुंद, माझ्या मागे', 'पाणी उजव्या हाताला' असं बोला. आधी दिशा, मग अंतर, शेवटी क्रिया. सोबत्याला पहिल्या सरावात डोळ्यांवर पट्टी बांधून 200 मीटर पळवा. त्याची बडबड आपोआप कमी होते आणि कामाचं बोलणं वाढतं. जोडी किमान सहा-आठ रविवार एकत्र पळालेली असावी. दौडीच्या सकाळी जोड्या लावल्या की हमखास बिघडतं. दर पाच जोड्यांमागे एक राखीव सोबती ठेवा, कुणाचा तरी मुलगा आजारी पडतोच. आणि शेवटच्या रेषेवर सोबत्याने धावकाच्या पुढे जायचं नाही. पॅरा-अ‍ॅथलेटिक्समध्ये तो नियमच आहे.

व्हीलचेअरमध्ये दोन प्रकार वेगळे करा. स्वतः चाक फिरवणारे आणि हाताने पेडल मारायच्या तीनचाकीवाले जोरात जातात. त्यांना बाकीच्यांच्या 5 मिनिटं आधी सोडा. ज्यांना कुणीतरी ढकलतं ते सर्वांत शेवटी. दवाखान्यातली घडीची खुर्ची 5 किलोमीटरसाठी बनलेलीच नसते, तिच्यावर एक-दोन फेऱ्याच. सुरुवातीपूर्वी प्रत्येक खुर्चीचे ब्रेक, चाकांचे नट, पायपट्टीची जमिनीपासूनची उंची आणि कमरेचा पट्टा तपासा. जवळ हवापंप, 24 इंची ट्यूब, पंक्चरचं सामान, पाने, अ‍ॅलन की आणि कुबड्यांची रबरी बुचं दोन-तीन मापांची असावीत. ढकलणाऱ्याला दोन गोष्टी पाठ हव्यात: स्पीडब्रेकरवर पुढची चाकं किंचित उचलून जायचं, आणि तीव्र उतार खुर्चीची पाठ उताराकडे करून, स्वतः खालच्या बाजूला राहून उतरायचा. विचारल्याशिवाय कुणाच्याही खुर्चीला हात लावायचा नाही. ती त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजा.

कर्णबधिरांसाठी शिट्टीने सुरुवात करू नका. मोठा झेंडा वरून खाली आणा, सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. वळणांवरचे स्वयंसेवक समोरून हात करतील, मागून ओरडणार नाहीत. मंचाजवळ भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी प्रकाशात उभा हवा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचा खरा शत्रू डीजे. सुरुवातीच्या जागी गाणी बंद, आणि 50-60 मीटर दूर एक शांत तंबू: चटई, पाणी, कमी उजेड. कार्यक्रमाचा क्रम चित्रांत काढून आठवडाभर आधी पालकांना पाठवा.

नोंदणीच्या फॉर्मवर 'दिव्यांगत्वाची टक्केवारी' विचारू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बऱ्याच सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते, पण तुम्ही सवलत वाटत नाही आहात. प्रमाणपत्र कशाला? एकच प्रश्न पुरतो: 'तुम्हाला काय लागेल?' सोबती, दुभाषी, शांत जागा, रॅम्प, इतर. पोस्टर फक्त चित्र म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर अंध व्यक्तीच्या फोनला ते वाचता येत नाही. खाली तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फोनवरूनही नाव नोंदवता यावं.

डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा. मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर 'ऊन लागलं' म्हणून आडवं करू नका. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो, आणि कारण बहुधा तुंबलेलं मूत्राशय किंवा लघवीसाठी बसवलेल्या नळीला पडलेला पीळ असतं. ताठ बसवा, पट्टे सैल करा, नळी पाहा, 108 ला फोन करा. अशा व्यक्तींना इजेच्या खाली घाम येत नाही, म्हणून पाण्याच्या फवाऱ्याची बाटली ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ मोजा. 5 मिनिटांपुढे गेली तर रुग्णवाहिका. कृत्रिम पायवाल्यांना कापलेल्या पायाच्या खुंटाचा घाम पुसून कोरडा मोजा चढवायला प्रत्येक फेरीच्या शेवटी एक खुर्ची आणि आडोसा. डाउन सिंड्रोम असलेल्यांनी पळण्याआधी मानेच्या मणक्यांबद्दल स्वतःच्या डॉक्टरांना विचारलेलं असावं.

मंच. पाहुण्यांना मिळून 10 मिनिटं, आणि मंचावर सायकलवाटप नाही. 'अपंगत्वावर मात', 'जिद्दीला सलाम' हे शब्द बॅनरवरून काढा; अभिमान म्हणजे मी जसा आहे तसा रस्त्यावर, कशावरही मात न करता. डिसॅबिलिटी प्राइडचा झेंडा लावायचा असेल तर 2021 चा, काळ्या रंगावर तिरप्या सरळ पट्ट्यांचा घ्या. आधीचे नागमोडी पट्टे स्क्रीनवर सरकताना लुकलुकायचे आणि फिट व अर्धशिशी असलेल्यांना त्रास व्हायचा, म्हणून ते बदलले. एवढी एक गोष्ट स्वयंसेवकांना सांगितली तरी अर्धं प्रशिक्षण होतं.

राहिला पाठपुरावा, आणि माझ्या मते दौड त्यासाठीच घ्यायची. जुलैत मार्ग मोजताना आजूबाजूचे फुटपाथही मोजा. बोलार्डमधली (फुटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या आखूड खांबांमधली) जागा 90 सेंटीमीटरपेक्षा कमी, उतार नाही, मध्येच विजेचा डीपी किंवा खांब: प्रत्येकाचा मोजपट्टीसह फोटो, जागा, तारीख. पुण्यात दुचाकी अडवायला लावलेले खांब व्हीलचेअरलाच अडवतात, दुचाकी कुठून तरी जातेच. महापालिका नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकासाठी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सूचना मागवते. 'फुटपाथ सुधारा' असं लिहू नका. 'अमुक चौक, ईशान्य कोपरा, 1:12 चा उतार, रुंदी 120 सेंटीमीटर' असं लिहा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. उत्तर नाही आलं तर 10 रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज, मुदत 30 दिवस. त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, मुंबईला जावं लागत नाही. दौड डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली की 11 डिसेंबरला महापालिकेचा पादचारी दिन येतो, लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी बंद असतो, अधिकारी आणि पत्रकार दोघेही तिथे भेटतात. यादीच्या छापील प्रती त्या दिवशी बरोबर ठेवा, आणि त्यातला एक फुटपाथ त्यांच्यासमोरच व्हीलचेअरवरून पार करायचा प्रयत्न करून दाखवा.