नळाचा पीएच ८, टाकीचा ६.५

प्रश्न : दर रविवारी माशांच्या टाकीतलं अर्धं पाणी बदलते, की लगेच गप्पी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) कमी करायचं औषध टाकू का?

उत्तर : अजिबात नको ताई! गप्पींना ७ ते ८ चालतो, तुमचं नळाचं पाणी ठीक आहे, गडबड टाकीत आहे, तळाशी गाळ साचून पीएच घसरलाय. ६.५ ला टाकीतला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम (त्याचं कमी विषारी रूप) होऊन गप्प बसतो, वरून एकदम ८ चं पाणी ओतलं की त्यातला काही भाग परत विषारी होतो, शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळंच. आता दोन दिवसांआड फक्त १० टक्के बदला, गाळ थोडा थोडा ओढा. नवं पाणी बादलीत भरून रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाका, पीएच सकाळीच मोजा, ताज्या पाण्याचं रीडिंग कार्बन डायऑक्साइडमुळे फसवतं (मीही फसलोय).