ट्रक व्यवसाय आणि कामगार-भरपाई विमा: वर्गवारीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शिकागोजवळ जोलिएट येथे आमचा मालवाहतुकीचा छोटा व्यवसाय असून त्याचे हिशेब मी पाहते. वर्ष संपल्यावर विमा कंपनीचा ऑडिटर आला आणि त्याने कामगार-भरपाईच्या (कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई देणाऱ्या विम्याच्या) पॉलिसीवर मोठी वाढीव रक्कम काढली. आमच्या मेकॅनिकचा व डॉकवर (ट्रकच्या मालधक्क्यावर) माल चढवणाऱ्या दोघांचा पगार त्याने ट्रकिंगच्या वर्गात धरला. डिस्पॅचरला, म्हणजे ट्रकना फेऱ्या नेमून देणाऱ्याला, कारकुनी वर्गातून काढले. स्वतःचा ट्रक घेऊन आमच्यासाठी भाडे करणाऱ्या तीन ओनर-ऑपरेटरांना दिलेल्या पैशांचाही काही भाग पगार म्हणून मिळवला. यांपैकी कोणीही आमचे ट्रक चालवत नाही. मग हे योग्य आहे का? — एक वाचक, इलिनॉय

उत्तर: आपला प्रश्न अनेक लहान व्यावसायिकांना दर वर्षी पडतो. त्याच्या मुळाशी एक समजूत असते, ती म्हणजे माणूस जे काम करतो त्यावरून त्याचा वर्ग, म्हणजे त्याच्या पगारावर प्रीमियमचा कोणता दर लागेल, हे ठरते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ही वर्गवारी एनसीसीआय, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स, या संस्थेच्या नियमांनुसार चालते आणि इलिनॉय त्यांपैकीच एक आहे. या नियमांत वर्ग व्यवसायाला मिळतो, एकेका कामगाराच्या हुद्द्याला नव्हे. ट्रकिंगच्या वर्गाच्या वर्णनातच 'सर्व कर्मचारी आणि ड्रायव्हर' असे शब्द आहेत. त्यामुळे आपल्याच गॅरेजमध्ये आपलेच ट्रक दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि डॉकवरचे हमाल त्या वर्गात येणारच. मेकॅनिकला बाहेरच्या गॅरेजचा दर लावून घेता येत नाही. या मुद्द्यावर ऑडिटरचे बरोबर आहे आणि त्यावर वाद घालण्यात आपण वेळ दवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी २०० मैलांच्या त्रिज्येतील स्थानिक वाहतुकीला ७२२८ आणि त्यापलीकडील लांब पल्ल्याला ७२२९ असे दोन स्वतंत्र वर्ग होते. जोलिएटहून मिलवॉकीला जाणारा ट्रक पहिल्यात बसे आणि सेंट लुइसला जाणारा दुसऱ्यात. एनसीसीआयच्या बऱ्याच राज्यांत हे दोन्ही वर्ग आता ७२१९ या एकाच वर्गात सामावले आहेत. तेव्हा आपल्या पॉलिसीवर कोणता आकडा छापला आहे, हे आधी पाहावे.

डिस्पॅचरचा मुद्दा मात्र बारकाईने तपासण्यासारखा आहे. ८८१० हा कारकुनी वर्ग सामान्यतः मुख्य वर्गाबाहेर ठेवला जातो. त्याचा दर ट्रकिंगच्या मानाने नगण्य असतो आणि म्हणूनच त्याच्या अटी कडक आहेत. बसण्याची जागा भिंतीने किंवा तत्सम आडोशाने कामाच्या जागेपासून वेगळी हवी आणि काम निव्वळ कार्यालयीन हवे. आपला डिस्पॅचर दिवसभर फोन व संगणकावर बसून भाडी लावत असेल, तर त्याचा वर्ग ८८१० असल्याचे आपण ठामपणे मांडू शकता. पण तोच संध्याकाळी यार्डात उतरून ट्रेलरचे सील तपासत असेल किंवा हमाल कमी पडला म्हणून पॅलेट ढकलायला हात लावत असेल, तर त्याचा संपूर्ण पगार ट्रकिंगमध्ये जातो. अर्धा पगार इकडे आणि अर्धा तिकडे अशी विभागणी कारकुनी वर्गाच्या बाबतीत मान्य होत नाही. लहान व्यवसायात एकाच माणसाला दहा कामे करावी लागतात, त्यामुळे हा नियम त्यांना जाचतो, हे मला मान्य आहे. तरीही यार्डात कोण जाणार आणि कोण नाही, हे वर्षाच्या आरंभीच लेखी ठरवले, तर पुढच्या वर्षी हा प्रश्न उरणार नाही.

वाढीव रकमेचा मोठा भाग बहुधा ओनर-ऑपरेटरांमुळे आला असावा. त्यांच्याकडे स्वतःचा कामगार-भरपाई विमा असल्याचे प्रमाणपत्र आपण दाखवू शकला नाहीत, तर त्यांची जोखीम आपल्या पॉलिसीवर येते, असे विमा कंपनी धरते. ट्रकच्या भाड्यात डिझेल, टायर, कर्जाचा हप्ता आणि मजुरी असे सगळेच मिसळलेले असते. म्हणून मजुरीचा निराळा हिशेब मिळत नसेल, तर दिलेल्या एकूण रकमेचा एक तृतीयांश भाग पगार मानावा, असा नियम आहे. उदाहरणार्थ, तिघांना मिळून वर्षात ३ लाख डॉलर दिले असतील, तर १ लाख डॉलर पगारात मिळवले जातील. आणि समजा दर १०० डॉलर पगारामागे ८ डॉलर असेल, तर एवढ्यानेच प्रीमियम ८,००० डॉलरने वाढेल. ऑडिटरने पूर्ण ३ लाख धरले असतील, तर त्याला जरूर आक्षेप घ्यावा.

'करारात त्यांना स्वतंत्र कंत्राटदार म्हटले आहे' एवढे म्हणून भागणार नाही. असाच उल्लेख करारात असलेल्या एका ट्रकचालकाला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कर्मचारीच ठरवले. कामावर नियंत्रण कोणाचे, भाडी कोण ठरवतो, काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे, या गोष्टींना तेथे महत्त्व दिले जाते. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. अनेक ओनर-ऑपरेटर स्वस्तातली अपघात पॉलिसी काढतात आणि तीच कामगार-भरपाई समजून चालतात. तिची भरपाई ठरावीक मर्यादेपुरती असते आणि कायद्याने लागणाऱ्या विम्याची जागा ती घेऊ शकत नाही. पाठीचा मणका दुखावलेल्या चालकाच्या घरच्यांना हा फरक अपघातानंतर कळावा, यासारखी वाईट गोष्ट नाही. म्हणून प्रमाणपत्र घेताना त्यावर कामगार-भरपाईचाच उल्लेख आहे आणि त्याची मुदत आपल्यासाठी काम केलेल्या सर्व तारखांना व्यापते, याची खात्री करूनच पहिले काम द्यावे.

आता प्रत्यक्ष काय करावे? ऑडिटची कार्यपत्रे विमा कंपनीकडून लेखी मागवा आणि कोणाचा किती पगार कोठे नोंदवला आहे, हे ओळीओळीने पडताळा. ओव्हरटाइमचा दीडपट दर देत असाल, तर नेहमीच्या दरापेक्षा वरचा अधिक भाग प्रीमियमसाठी धरलेल्या पगारातून वजा होतो. मात्र तो हिशेबात वेगळा नोंदलेला असला पाहिजे. आक्षेप प्रथम कंपनीकडे लेखी नोंदवावा आणि तेथे दाद न मिळाल्यास एनसीसीआयच्या तक्रार-निवारण प्रक्रियेकडे जावे. तोपर्यंत ज्या रकमेबद्दल वाद नाही ती भरून टाकावी, म्हणजे पॉलिसी रद्द होण्याची वेळ येणार नाही. आपला एखादा ड्रायव्हर ओहायोत राहून तिथूनच काम करत असेल, तर एजंटशी लगेच बोला. ओहायो, वॉशिंग्टन, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत हा विमा राज्याच्या निधीकडूनच घ्यावा लागतो.

प्रश्न: अटलांटात माझा भारतीय किराणा मालाचा घाऊक व्यापार आहे. दुकानांना माल पोहोचवण्यासाठी दोन ट्रक ठेवले आहेत. माझे ड्रायव्हर ट्रकिंगच्या वर्गात येतील का?

उत्तर: आपण स्वतःचाच माल पोहोचवता, तोवर नाही. ट्रकिंगचा वर्ग दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहून नेणाऱ्या व्यवसायासाठी आहे. आपली वाहतूक ही आपल्या घाऊक व्यापाराचाच भाग आहे. परंतु परतीच्या फेरीत ट्रक रिकामा येतो म्हणून आपण इतर व्यापाऱ्यांचा माल पैसे घेऊन नियमितपणे आणू लागलात, तर चित्र बदलते. तसे करण्यापूर्वीच एजंटला कळवा आणि त्या फेऱ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत ठेवा.