तुमचा प्रश्न: क्रिएटिनिन दोघांचं १.०, मग आईचा ई-जीएफआर ६५ आणि वडिलांचा ८५ कसा? आणि कॅल्क्युलेटरमधल्या ‘वंश’ या रकान्यात आपण काय भरायचं?

ई-जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला अंदाज. आधी रकान्याचं सांगतो. जो कॅल्क्युलेटर वंश विचारतो तो जुना आहे. तो बंद करा आणि २०२१ चं सीकेडी-ईपीआय सूत्र वापरणारा उघडा, त्यात हा प्रश्नच येत नाही. ‘कृष्णवर्णीय’वर टिचकी मारून तुम्हाला आईचा आकडा ६९ मिळाला, तो विसरून जा.

तुम्ही दिलेली माहिती अशी: आई ५८ वर्षांची, वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटीमीटर, आयुष्यभर विड्या वळण्याचं काम, ८ वर्षांपासून शुगर. वडील ६२ वर्षांचे, ७८ किलो. दोघांचं क्रिएटिनिन १.०. सोलापुरातल्याच एका लॅबने आईचा ई-जीएफआर ६५ दिला, दुसरीने ५७. दोन्ही लॅबची आकडेमोड बरोबर आहे. पहिलीने २०२१ चं सूत्र वापरलं, दुसरीच्या मशीनमध्ये अजून त्याहून जुनं एमडीआरडी सूत्र बसवलेलं आहे. मधलं, म्हणजे २००९ चं सीकेडी-ईपीआय वापरलं असतं तर ६२ आलं असतं. रक्त तेच, किडनी तीच, फक्त सूत्र वेगळं.

क्रिएटिनिन हा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ. रक्तातली त्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते: स्नायू रोज किती तयार करतात आणि किडनी किती बाहेर टाकते. प्रयोगशाळेला फक्त पातळी दिसते, स्नायू दिसत नाहीत. म्हणून सूत्र वय आणि लिंग यांवरून स्नायूंचा अंदाज बांधतं. ७८ किलोच्या पुरुषात १.० क्रिएटिनिन म्हणजे माल भरपूर तयार होतोय आणि किडनी तो नीट उपसतेय. ४२ किलोच्या बाईत तेच १.० म्हणजे माल मुळात कमी तयार होतोय, तरीही रक्तात तेवढाच साचलाय. सूत्राला वजन कळत नाही, पण ‘बाई’ म्हटल्यावर ते स्नायू कमी धरतं, आईचा आकडा कमी येतो तो यामुळे.

२०२१ च्या सूत्रात ही भरपाई कुठे होते ते बघण्यासारखं आहे. बायकांसाठी गुणक १.०१२ आहे, म्हणजे वरवर बघता बायकांना थोडं जास्तच मोजल्यासारखं वाटतं. खरा फरक क्रिएटिनिनला ज्या आकड्याने भागतात तिथे आहे: बायकांना ०.७, पुरुषांना ०.९. हिशेब असा: क्रिएटिनिन भागिले हा आकडा, त्याचा घात उणे १.२, गुणिले १४२, गुणिले ०.९९३८ चा वयाइतका घात, आणि बाई असेल तर गुणिले १.०१२. (क्रिएटिनिन त्या ०.७ किंवा ०.९ पेक्षा कमी असेल तर घात बदलतो: बायकांना उणे ०.२४१, पुरुषांना उणे ०.३०२.) कागदावर करून बघा, आईचं ६५ येईल. लॅबच्या काउंटरवर घाईत ‘स्त्री’ऐवजी ‘पुरुष’ टाकलं गेलं तर त्याच आईचं ८७ होतं. वय १० वर्षांनी कमी लिहिलं तर ६९. त्यामुळे रिपोर्ट हातात आल्यावर आकड्याआधी वय आणि लिंग तपासा.

आता वंशाचा गुणक आला कुठून ते. एमडीआरडी आणि नंतर २००९ चं सीकेडी-ईपीआय ही सूत्रं मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेली. त्या माहितीत सारख्याच क्रिएटिनिनला कृष्णवर्णीयांचा प्रत्यक्ष मोजलेला जीएफआर जास्त दिसला, म्हणून एकात १.२१२ आणि दुसऱ्यात १.१५९ ने गुणायचं ठरलं. ‘त्यांचे स्नायू जास्त’ हे कारण दिलं गेलं, पण ते कधी नीट सिद्ध झालं नाही. माणसाने फॉर्मवर स्वतःला काय म्हटलं यावरून किडनीचा आकडा १६ ते २१ टक्क्यांनी वाढत होता. त्याचा फटका खरा होता: अमेरिकेत प्रत्यारोपणासाठी प्रतीक्षेचा काळ ई-जीएफआर २० किंवा त्याखाली उतरल्यावर मोजायला सुरुवात होऊ शकते, आणि आकडा फुगल्यामुळे कृष्णवर्णीय रुग्ण उशिरा रांगेत लागत होते. २०२१ मध्ये तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संयुक्त कृती गटाने वंशविरहित सूत्राची शिफारस केली.

हे झालं ते योग्यच. पण आपल्यासाठी यात एक मेख आहे. गुणक काढताना नवं सूत्र मधोमध बसवलं, म्हणजे कृष्णवर्णीयांचे आकडे खाली आले आणि बाकी सगळ्यांचे थोडे वर गेले. आईचे ६२ चे ६५ झाले ते असे. आणि भारतीयांमध्ये मुळातच ही सूत्रं जास्त आकडा दाखवतात. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत इन्युलिन (किडनीतून गाळला जाणारा पदार्थ) देऊन प्रत्यक्ष जीएफआर मोजून तुलना केली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि निष्कर्ष हाच होता. कारणं ताटातली आणि अंगातली आहेत: मांस कमी, एकूण प्रथिनं कमी, स्नायूंचं वस्तुमान कमी. भाकरी, आमटी आणि शेंगाचटणीवर दिवस काढणाऱ्या सडपातळ बाईत क्रिएटिनिन तयारच कमी होतं, त्यामुळे किडनी थोडी मंदावली तरी क्रिएटिनिन लवकर चढत नाही आणि ई-जीएफआर जास्त दिसतो.

यावर वेगवेगळ्या देशांनी आपापले उपाय काढले. कराचीच्या अभ्यासावरून २००९ च्या आकड्याला दुरुस्ती सुचवली गेली: ०.६८६ गुणिले त्या आकड्याचा १.०५९ घात. आईचं त्याने ५४ येतं. पीजीआयच्या तुलनेत याच सूत्राची चूक सगळ्यांत कमी निघाली. जपान्यांचं स्वतःचं सूत्र आहे, ते आईला लावलं तर ४५ येईल, पण ते जपान्यांसाठी आहे, आपण उसनं घेऊ नये. युरोपातल्या ईकेएफसी सूत्राची कल्पना मला जास्त पटते: त्यात त्या-त्या समाजातल्या निरोगी स्त्री-पुरुषांचं मध्यक क्रिएटिनिन बसवायची सोय आहे, वंशाचं लेबल नाही.

मग आईचं खरं किती? माझ्या मते ६५ असण्यापेक्षा ५० ते ६० च्या घरात असण्याची शक्यता जास्त. पण क्रिएटिनिनवरून याहून नेमकं कुणीच सांगू शकत नाही. १.० ऐवजी मशीनने ०.९ दाखवलं तर ७४ येतं, १.१ दाखवलं तर ५८. एवढा फरक तर दोन लॅबच्या पद्धतींत सहज पडतो. क्रिएटिनिन मोजण्याची जुनी जाफे पद्धत शुगर फार वाढली असेल किंवा रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) असतील तर क्रिएटिनिन जास्त दाखवते, एन्झाइम पद्धतीत हा त्रास कमी. लॅबला पद्धत विचारा आणि पुढे कायम त्याच लॅबमध्ये जा. दर खेपेला स्वस्त पॅकेज शोधत लॅब बदलणाऱ्यांना चढउतार किडनीचा की मशीनचा हे कधीच कळत नाही.

पुन्हा तपासताना: आदल्या रात्री मटण नको, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन काही तास वाढतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, उन्हात दिवस काढून पाणी न पिता रक्त दिलं तर आकडा बिघडतो. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विड्या वळणाऱ्या बायकांत दिवसभर मांडी घालून बसल्याने या गोळ्या सर्रास चालतात, आणि त्या किडनीचा रक्तपुरवठाच कमी करतात. उलट लघवीच्या संसर्गासाठी दिलेल्या ट्रायमेथोप्रिमच्या गोळीने किडनी ठीक असूनही क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं.

आईला शुगर आहे, म्हणून माझ्या दृष्टीने ६५ की ५७ यापेक्षा महत्त्वाची तपासणी लघवीची: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत किती गळतंय ते. सकाळची पहिली लघवी द्या. ३० च्या आत चांगलं, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, त्यावर म्हणजे जास्त. ई-जीएफआर ६० च्या वर असूनही गळती ३ महिने टिकली तर तो किडनीचा आजारच धरतात. ई-जीएफआर ६० खाली आला तरी एका रिपोर्टवर आजाराचा शिक्का मारत नाहीत, ३ महिन्यांनी पुन्हा बघतात. एक बारकावा: या गुणोत्तरातही खाली क्रिएटिनिनच आहे, त्यामुळे बारीक बाईचं थोडं वाढलेलं दिसू शकतं. ३५-४० आलं तर घाबरण्याआधी परत करा.

आकड्यावर काही निर्णय अडला असेल तर सिस्टॅटिन-सी करून घ्या. ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, स्नायूंशी त्याचा संबंध कमी. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला आकडा एकट्या क्रिएटिनिनपेक्षा भरवशाचा. तपासणी महाग आहे आणि नमुना बहुधा पुण्या-मुंबईला जातो. थायरॉइड बिघडलेला असेल, स्टेरॉइड चालू असेल किंवा अंगात सूज-ताप असेल तर तीही फसवते, तेव्हा आधी थायरॉइड बघून घ्या. २४ तासांची लघवी हा स्वस्त पर्याय, पण ती नीट गोळा होत नाही. पहिल्या दिवशीची सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, इथेच निम्मे लोक चुकतात. ४२ किलोच्या बाईत दिवसाला साधारण ६३० ते ८४० मिलिग्रॅम क्रिएटिनिन निघायला हवं, पन्नाशीनंतर थोडं कमी. ३००-३५० आलं तर बहुधा डबा अर्धाच भरलाय.

औषधांच्या डोससाठी एक वेगळा हिशेब लक्षात ठेवा. ई-जीएफआर हा १.७३ चौरस मीटर अंगाच्या (म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या) माणसासाठी मांडलेला असतो. आईचं अंग भरतं सुमारे १.३१. तिच्या अंगमानाने ६५ चे ५० होतात. वजन धरणाऱ्या १९७६ च्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने तर ४१ येतात: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाईसाठी गुणिले ०.८५. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचे डोस याच सूत्रावर ठरतात. तेव्हा नवं औषध सुरू होताना डॉक्टरांपुढे नुसता रिपोर्ट ठेवू नका, वजन आणि उंचीही सांगा. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा निर्णय मात्र ई-जीएफआरवर होतो: ३० खाली बंद, ३० ते ४५ मध्ये डोस कमी. आई आज त्या रेषेपासून लांब आहे, स्वतःहून गोळी बंद करू नका.

वडिलांचं ८५ वयाच्या मानाने ठीक आहे. त्यांना बीपी किंवा शुगर असेल तर लघवीची तीच तपासणी त्यांचीही करून घ्या.