लाजरा मुलगा आणि १०० बायका

प्रश्न: ताई, जत्रेतल्या नाटकात काम मिळालंय पण लोक हसतील म्हणून पाय लटपटतात, काउन्सेलर म्हणाले अल्बर्ट एलिसबद्दल वाच. हा कोण? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: अरे, अमेरिकन सायकॉलॉजिस्ट (१९१३-२००७), स्वतःच भयंकर लाजरा! तोच सांगायचा की १९ वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभरात १०० बायकांशी मुद्दाम बोललो, एकच भेटायला कबूल झाली, तीही आली नाही, पण भीती गेली. पुढे फ्रॉइडवाली मनोविश्लेषणाची पद्धत संथ वाटली म्हणून सोडून १९५५ च्या सुमारास स्वतःची उपचारपद्धत काढली, तिलाच आज आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात; तिचं म्हणणं असं की त्रास प्रसंगापेक्षा 'सगळ्यांनी मला वाखाणलंच पाहिजे' या हट्टाने जास्त होतो. तोंडाने शिवराळ होता हं! तू तालमीत एखादं वाक्य मुद्दाम चुकव, बघ कोण खातंय तुला.