मी सोडलं आणि मग बँड चालला

कंपनी काढणाऱ्या चौघांतला मी एक, पण पैसे दिसायच्या आधीच बाहेर पडलो. नाटकाचा ग्रुप सोडला आणि दोन वर्षांत त्याच पोरांना मालिका मिळाली. भागीदारीतला क्लास सोडला, आज त्याच्या तीन शाखा आहेत. मी समुपदेशक, माझ्याकडे ही तक्रार दरवेळी वेगळे कपडे घालून येते, आतला प्रश्न तोच असतो : मी थोडा थांबलो असतो तर? तो इतक्या वेळा ऐकलाय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. उदाहरण एका ड्रमरचं घेते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाळिशीचे, हिंजवडीत चांगली नोकरी. कॉलेजात असताना चौघांनी रॉक बँड काढला होता. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत ‘लाइव्हवायर’ ही बँडची स्पर्धा होते, तिथवर ही मंडळी पोचली होती. यांनी बँड सोडला आणि तीनेक वर्षांनी त्याचं नाव झालं. रिक्षात, कुणाच्या लग्नात त्यांचं गाणं लागलं की हे गप्प होत. पण बायको त्यांना घेऊन आली ती दुसऱ्याच कारणाने. दहा वर्षांची मुलगी म्हणाली, मला स्केटिंग सोडायचंय. त्यावर हे इतके कडाडले की पोरीने दोन दिवस बोलणंच टाकलं.

“मॅडम, मी पीट बेस्ट आहे,” पहिल्याच भेटीत ते म्हणाले.

मी किराणा घराण्याच्या कॅसेटींवर वाढलेली. त्यामुळे आधी वाचन करावं लागलं. पीट बेस्ट हे बीटल्सचे ड्रमर, 1960 च्या ऑगस्टपासून. दोन वर्षांनी, 16 ऑगस्ट 1962 ला व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांनी त्यांना ऑफिसात बोलावून काढून टाकलं. त्यांच्या जागी रिंगो स्टार आले आणि ऑक्टोबरात पहिलं गाजलेलं गाणं बाजारात आलं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “त्यांना काढलं होतं. तुम्हाला कोणी काढलं?”

“कोणी नाही. मीच सोडलं.”

“मग तुम्ही पीट बेस्ट कसे?”

त्यांना राग आला. तो मला हवाच होता.

वाचताना एक गंमत लक्षात आली. गाजलेल्या बँडच्या मागे आधीचा एखादा ड्रमर सुटलेला असणं ही नित्याची गोष्ट आहे, कारणं मात्र प्रत्येकाची निराळी. ‘द हू’चे डग सँडम पेशाने गवंडी, बाकीच्या पोरांपेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. 1964 मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या माणसाला त्यांचं वाजवणं पसंत पडलं नाही, त्यावरून खटका उडाला आणि ते निघाले. कॅनडाच्या ‘रश’चे जॉन रटसी पहिला अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, 1974 च्या जुलैत बाहेर पडले. त्यांना मधुमेह होता आणि पुढे लांबलचक दौरे दिसत होते. ‘ग्रीन डे’चे जॉन किफमायर 1990 मध्ये कॉलेजला गेले, बँडचं नशीब उघडलं 1994 मध्ये. शिवाय ड्रमरची जागाच अडचणीची. गाणी बहुधा दुसऱ्याची, म्हणून शब्दाला वजन कमी. आणि स्टुडिओत सगळ्यांचे कान आधी त्याच्यावर, कारण ठेका हलला की वरचं सगळं हलतं.

‘रश’ची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली. रटसींच्या जागी आलेले नील पर्ट नुसते वाजवत नव्हते. बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्दही पुढे त्यांनीच लिहिले. रटसी थांबले असते तर जो बँड झाला असता, तो कोणीच ऐकलेला नाही.

“तुमचा बँड तुमच्यानंतर तसाच राहिला?”

“छे. हिंदीत गायला लागले. कीबोर्ड घेतला. नवा पोरगा क्लिकवर वाजवायचा.” क्लिक म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी कानात सतत टकटकणारा ठेका.

“आणि तुम्ही?”

“माझी लय चढायची. लाइव्हला पब्लिकला तेच आवडायचं.”

इथे मला वाटलं, बोट बरोबर जागी पडलं. तोवर प्रत्येक भेटीत कारण एकच : वडिलांचं आजारपण आणि घरची जबाबदारी. ते खोटं नव्हतं. पण बँड सोडताना दुःख झालं असेल तर शरीराला आठवतं, म्हणून मी कारण विचारायचं सोडून दिलं.

“ज्या दिवशी त्यांना सांगितलंत, त्या दिवशी घरी कसे गेलात?”

“बाइकवर.”

“थेट?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाही. वाटेत अंडाभुर्जी खाल्ली. दोन प्लेट. आणि मॅडम, त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. कित्येक महिन्यांनी.”

स्वतःच्याच बोलण्याने ते चपापले. मग हळूहळू बाहेर आलं. स्टुडिओत एकच तुकडा वीस-वीस वेळा वाजवायला लावायचे, काचेपलीकडून ‘पुन्हा’ ऐकू यायचं, आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. वडील आजारी पडले आणि बाहेर पडायला एक सभ्य दार मिळालं.

हा प्रश्न मी नेमक्या वेळी विचारला, याचं मला आजही बरं वाटतं. हळहळ चारचौघांत मिरवता येते. ‘मी आज मोठ्या बँडमध्ये असतो’ हे सांगायला ऐट लागते, ‘मला सुटल्यासारखं वाटलं’ हे सांगायला धीर. म्हणून माणूस सुटका विसरतो, हळहळ जपतो आणि तिच्या आधाराने मनातल्या मनात त्या बँडचा सभासद राहतो.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा तिच्याभोवतीचा हट्ट माणसाला जास्त छळतो, हे माझं ठाम मत. ‘मला पुढचं दिसायलाच हवं होतं’ हा तसाच एक हट्ट. 1990 मध्ये किफमायरना 1994 दिसणार कसं? निर्णय तपासायचाच असेल तर त्या दिवशी हातात काय होतं, झोप लागत होती का, कोणाशी पटत नव्हतं, एवढंच कागदावर मांडा. नंतर कळलेलं त्यात घालू नका. जुन्या साथीदारांचे फोटो रात्री अंथरुणात बघत बसू नका, हेही सांगून ठेवते. आणि मुलांनी काही सोडलं तर आधी विचारा, सोडल्यावर कसं वाटतंय.

एक अपवाद. खरोखर अन्याय झाला असेल तर त्याला हट्ट म्हणून धुडकावू नये. पीट बेस्टना फार सोसावं लागलं, साठच्या दशकात त्यांनी जीव द्यायचाही प्रयत्न केला होता. तसे विचार मनात येत असतील तर माझा लेख वाचत बसू नका, आत्ताच 14416 ला, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. बेस्ट पुढे वीसेक वर्षं लिव्हरपूलमध्ये सरकारी नोकरीत रमले आणि बीटल्सच्या 1995 च्या संग्रहात त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज आली तेव्हा मानधनही मिळालं. ‘निर्वाना’ बँडचे ड्रमर चॅड चॅनिंग 1990 मध्ये बाहेर पडले. 2014 मध्ये बँडच्या गौरव समारंभात नंतरचे ड्रमर डेव्ह ग्रोल यांनी मंचावरून त्यांचे आभार मानले. श्रेय मागण्यात कमीपणा नाही. आपल्याकडेही 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा वादकांचा आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मानतो. तो प्रश्न वकिलाचा, माझा नव्हे.

आमच्या गृहस्थांचा वाजवलेला जुना अल्बम इंटरनेटवर होता, नावाशिवाय. त्यांनी गिटारवाल्याला मेसेज केला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : दोन गाण्यांवर नाव टाकतो, तिसरं आम्ही नंतर नव्या ड्रमरसोबत पुन्हा रेकॉर्ड केलंय.

“ऐकलं मी ते तिसरं,” ते म्हणाले. “त्याचं माझ्यापेक्षा चांगलंय.”

मुलगी आता बॅडमिंटनला जाते. तेही सोडेल म्हणतात.