चामखिळीला झाडाचा चीक लावावा का?

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या बोटांवर चामखिळी आल्यात, आधी एकच होती आता चार झाल्यात. घरात कोण म्हणतं लसूण ठेचून बांध, कोण म्हणतं अंजिराचा नाहीतर रुईचा चीक लाव, केमिकल नको. लसूण बांधून बघितला तर नुसती आग आग झाली. झाडपाल्याने खरंच जातात का?

उत्तर : ताई, आधी तो लसूण बंद करा. कच्च्या लसणाने कातडी भाजते, फोड येतात. लाल झालेली जागा बरी होईपर्यंत तिथे काहीच लावू नका.

चामखीळ एचपीव्ही व्हायरसमुळे होते आणि ती कातडीच्या वरच्या थरातच असते. मुळं बिळं काही नसतात, आत काळे ठिपके दिसतात ना, ते बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. त्यामुळे सुईने उकरू नका, मुलीलाही ती जागा कुरतडू देऊ नका, एकीच्या चार अशाच होतात.

आता चिकाचं. झाडात काही दम नसतो असं मी अजिबात म्हणणार नाही. अंजिराच्या चिकात प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं, 25 पेशंटवर एक छोटी चाचणीपण झालीय, काहींच्या चामखिळी गेल्या, डॉक्टर चामखीळ गोठवून काढतात त्यापेक्षा थोड्या कमी. पण तोच चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजते आणि मग काळे डाग बरेच दिवस जात नाहीत. रुईचा तर नकोच नको, ते बोट चुकून डोळ्याला लागलं तर बुबुळाला सूज येते, अंधुक दिसायला लागतं. आणि ताज्या चिकाला माप नसतं हो, आज सौम्य निघेल उद्या जहाल. ग्रीन टीच्या अर्काचं मलम काही देशांत मंजूर आहे खरं, पण ते मोठ्या माणसांच्या गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी, हातावरच्या नाही.

तुम्हाला मुळात झाडातूनच आलेलं हवं असेल तर सॅलिसिलिक ॲसिड आहेच की, त्याची सुरुवात विलो नावाच्या झाडाच्या सालीतून झाली, आता कारखान्यात मापात बनतं. साधारण 17 टक्क्यांचं द्रावण मिळतं, मुलीसाठी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच घ्या. रात्री बोट 5-10 मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचं, वरची मेलेली कातडी नखं घासायच्या फाइलने हलक्या हाताने घासायची (ती फाइल दुसऱ्या कशाला वापरायची नाही), आजूबाजूला व्हॅसलीन लावायचं आणि औषध फक्त चामखिळीवर. रोज, 12 आठवड्यांपर्यंत. बहुतेक लोक दोन आठवड्यांत कंटाळून सोडतात आणि मग औषधाला नावं ठेवतात. आणि दुखत नसेल तर काहीच न करणं हाही चांगला पर्याय आहे, लहान मुलांच्या पुष्कळशा चामखिळी 2 वर्षांत आपोआप जातात.

प्रश्न : माझ्या मानेवर बारीक लोंबणारे मस आहेत, त्यांना हेच औषध चालेल? मला डायबिटीस आहे.

उत्तर : नाही चालणार दादा. लोंबणारे मस बहुतेक वेळा चामखीळ नसतातच, साधी वाढलेली कातडी असते, ॲसिड लावून नुसती जखम होईल. डायबिटीसमध्ये जखम भरायला वेळ लागतो म्हणून चीक, ॲसिड, दोरा बांधणं यातलं काहीच घरी करू नका. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, आणि एखाद्याचा रंग बदलला, रक्त आलं किंवा भरभर वाढला तर लगेच.